टर्बो आणि संध्याकाळचं जेवण

आमचं घराणं सत्याच्या शोधात कुठल्याही थराला जाणारं आहे. दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात त्या शोधासाठी आम्ही अंगणातल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आतून एक उंदरीण उडी मारून कर्दळीत पळाली.

"बंद कर," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील, तेव्हा सदुसष्ट वर्षांचे.

"पळाली ती, आप्पा."

"ती पळाली. मागं काय ठेवून गेली बघ की."

गाडीचं काम नेहमी करणाऱ्या इसाक मिस्त्रींनी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत तंबाखूच्या चुऱ्याच्या गादीवर सहा गुलाबी पिल्लं पडली होती, शेंगदाण्याएवढी, डोळे मिटलेली. आप्पांनी चष्मा लावून ती पाहिली, डबा पूर्वीसारखा बंद केला आणि गाडीवर ताडपत्री ओढली.

"पिल्लांनी डोळे उघडले की काम सुरू."

"किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"ते मला काय विचारतोस? मी काय त्यांचा आजा आहे?"

बारा दिवस लागले. मी जयसिंगपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतले बारा दिवस मी उंदरांच्या बाळंतपणात काढले. रोज सकाळी ताडपत्री उचलून बघायचं आणि आप्पांना अहवाल द्यायचा, एवढंच काम. इसाक मिस्त्री मात्र खूश दिसत होते. "घाई कशाला, सर?" असं ते दिवसातून दोनदा म्हणत. तेव्हा मला तो त्यांचा चांगुलपणा वाटला.

सत्य कोणतं, ते आता सांगायला हवं.

आप्पांची निपाणीला तंबाखूची वखार होती. त्यांनी जन्मात विडी ओढली नाही की तपकीर ओढली नाही. विकण्यापुरताच काय तो संबंध. आम्ही जैन. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे आप्पांचं लहानपणापासूनचं व्रत. निपाणी ते जयसिंगपूर बावन्न किलोमीटर. त्यामुळे आप्पांची आणि सूर्याची रोज संध्याकाळी शर्यत लागे. सूर्य वेळेवर निघायचा. आप्पांना ऐन निघताना गिऱ्हाईक गाठायचं.

नव्वद साली त्यांनी बेळगावच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. पांढरी, जपानी बनावटीची, डिझेलवर चालणारी, बोटीतून सिंगापूरहून आलेली. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'टर्बो' असं लिहिलेलं. चार वर्षं आप्पा सूर्याला हरले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी शिट्टीसारखा बारीक आवाज आला की आई भात वाढायला घ्यायची आणि शेजारचे चौगुले आपलं घड्याळ लावून घ्यायचे.

मग चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतला एक शनिवार आला. आईचा धाकटा भाऊ पारिसामामा निपाणीत राहायचा. तोही व्रताचा. तो चार दिवस आमच्याकडे राहायला म्हणून आप्पांबरोबर गाडीत बसला. निघायला उशीर झाला तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "एसटी नव्हे ही. बस निवांत. पाऊण तासात ताटावर बसवतो."

त्या दिवशी गाडीने ओढच घेतली नाही. चढावर भाजीच्या हातगाडीसारखी गेली. सूर्यास्त सहा चाळीसचा होता, गाडी दारात आली सहा बावन्नला. दोघेही पाण्याचा घोट न घेता उभे राहिले. आईने वाढलेली ताटं झाकली. तेवढ्यावर मिटलं असतं. पण मामा चौगुल्यांच्या देखत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "दाजी, मग गेली चार वर्षं रात्री उपाशी झोपत होता, का गपचूप जेवत होता?"

गावात आप्पांना काहीही म्हणा, खोटारडा म्हणा, कंजूष म्हणा, ते हसत. व्रत मोडलं असं कुणी म्हटलं नव्हतं. मामा त्याच पावली परत गेला.

"पारिसानं माफी मागितल्याशिवाय त्याच्या घरचं पाणी घेणार नाही," आप्पा म्हणाले. त्यांनी 'घेणार नाही' म्हटलं की त्यात आई आपोआप यायची.

"गाडी वेळेत पोचू दे, मागतो की," मामाचा निरोप आला.

गाडी पोचली नाही. ती पुन्हा कधी पळालीच नाही. इसाक मिस्त्रींनी दोनदा तपासली आणि "वय झालं" म्हणाले. आप्पा वखारीतून चारलाच निघायला लागले आणि त्यांनी वखार सोडल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. आई अकरा वर्षं माहेरी गेली नाही. मामाच्या मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती तिने देवघरात ठेवली. आता धाकटीचं, ललिताचं लग्न पाच जूनला होतं. तिलाही आईनेच पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं. ही पत्रिका आई कुठे ठेवणार, ते मला दिसत होतं, म्हणून मी ताडपत्री काढली.

आणखी एक गोष्ट होती. चार वर्षं नेमाने पळालेली गाडी नेमकी त्याच शनिवारी का मेली? आप्पांना विचारलं तर ते म्हणत, "नशीब." राज्यशास्त्राच्या माणसाला नशीब हे उत्तर पटत नाही. कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय काही होत नाही, हे आमच्या विषयाचं मूळ आहे.

पिल्लं डोळे उघडून आपल्या उद्योगाला लागली आणि आम्ही आमच्या. इसाक मिस्त्रींनी डिझेलची टाकी धुतली, इंजिनातलं जुनं ऑइल काढलं, ते काकवीसारखं निघालं. नळ्या बदलल्या, बॅटरी नवी आणली. तिसऱ्या दिवशी इंजिन खोकत सुरू झालं. आप्पा खुर्ची घेऊन कर्दळीजवळ बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण खुर्ची दोन हात पुढे घेतली.

"आता टर्बो," मी म्हणालो.

"टर्बो ऱ्हाऊ दे, सर."

"मग एवढं सगळं कशाला केलं?"

"गाडी सुरू झाली न्हवं? लग्नाला जायला बास झाली की."

"पण टर्बो म्हणजे असतं तरी काय, मिस्त्री?"

हे विचारल्यावर मात्र त्यांना गप्प बसवेना. "इंजिनचा धूर बाहेर जातोय न्हवं, तो जाता जाता एक पंखा फिरवतोय. त्या पंख्याच्या दांड्याला पलीकडं दुसरा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतोय. हवा जास्त, तेल जास्त, ताकद जास्त. मिनिटाला लाखभर फेरे मारतोय पठ्ठ्या, शिट्टी वाजते ती त्याचीच."

"म्हणजे जो धूर वाया जाणार तोच गाडी ओढतो?"

"तसंच की."

हे मला फार आवडलं. आमच्या विषयात असली सोय कुणाला सुचलेली नाही. मी म्हणालो, "उद्या खोलूया."

"उद्या शुक्रवार. मला नमाजला जायचंय."

"परवा."

"परवा बघू."

शुक्रवारी मिस्त्री नमाजला गेले तेव्हा मी एकट्याने टर्बो खोलला. चार बोल्टला अडीच तास लागले आणि दोन बोटांची सालं गेली. मोठ्या गोगलगायीसारखा तो लोखंडी गोळा हातात आला. आतला पंखा जुन्या तेलाने चिकटून घट्ट बसला होता. बाजूला एक छोटा दांडा होता, त्याला तारेचा वेढा. मला वाटलं, असेल तसाच.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथे एका लेथवर चष्म्याला दोरी बांधलेले एक म्हातारे टर्नर भेटले. त्यांनी गोळा रॉकेलमध्ये बुडवला, पंखा सोडवला, बोटाने फिरवला. तो फिरतच राहिला. मग त्यांनी तारेकडे पाहिलं.

"कुणाची गाडी?"

"वडिलांची."

"लई पळवत होते काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे बिघडलेलं न्हाई. हे बांधलंय." त्यांनी दांडा दाखवला. "ही झडप. हवा लई झाली की ही उघडती आणि धूर पंख्यावर न जाता दुसऱ्या वाटेनं जातो. ही तारेनं कायमची उघडी ठेवल्यावर पंखा फिरंलच कसा? इंजिन चालणार, टर्बो झोपलेला. कुणीतरी लई प्रेमानं बांधलंय बघा. पीळ कसा बसवलाय."

त्यांनी तार तोडली नाही. उलटे पीळ देत सोडवली आणि माझ्या हातात दिली. वितीएवढी तार. तिच्यामुळे माझी आई अकरा वर्षं माहेरी गेली नव्हती.

संध्याकाळी इसाक मिस्त्री आले तेव्हा आप्पा देवळात गेले होते. मी चहा दिला आणि बशीशेजारी तार ठेवली.

"हे काय, मिस्त्री?"

"तार."

"ते दिसतंय."

"अठरा गेजची."

"कुणी बांधली?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले, बशी पालथी घातली. "हात माझा, सर. हुकूम वहिनींचा."

आई गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया हलवत होती. मी तार तिच्या पुढ्यात धरली. तिने ती ओळखलीच नाही. तिने ती कधी पाहिलीच नव्हती.

"टर्बोची तार," मी म्हणालो. तेव्हा तिचे हात थांबले.

"इसाकभाई बोलला?"

"मी खोलला. का केलंस तू हे?"

"आरशात पाचट अडकलं होतं," ती म्हणाली.

"कुठल्या आरशात?"

"गाडीच्या. एकदा संध्याकाळी हे जेवायला बसले आणि मी गाडीतली पिशवी आणायला गेले, तर आरशात उसाचं पाचट. गाडीवानाच्या फेट्याचा धागापण. उसाच्या बैलगाडीला घासून आले होते, आणि हितं बसून म्हणतात, आमटी वाढ. मी काय विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, व्रतासाठी करायलोय. व्रतापुढं मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी इसाकभाईला सांगितलं, गाडी जरा म्हातारी करून दे."

"आणि त्या शनिवारी मामा..."

"मला काय माहीत, पारिसा नेमका त्याच दिवशी येणार? फोन तरी होता काय त्याच्याकडं?"

"पण नंतर सांगायचं की."

तिने शेवयांची एक जुडी उचलली, झटकली, पुन्हा पसरली. "सांगितलं असतं तर तार सोडली असती. परत तीच बैलगाडी. आपलं माणूस उशिरा का होईना, घरी आलं की बास."

"त्यापायी माहेर सोडलंस?"

"सोडलं काय? बंद होतं." मग म्हणाली, "आता हे किती जोरात चालवतील? सदुसष्ट झाली."

"परत बांधू की सोडू, तेवढं सांग."

"पाच तारखेला ललिताचं लग्न आहे," आई म्हणाली. "सोड."

टर्बो बसवल्याचं आप्पांना सांगितलं, तारेचं सांगितलं नाही. "आतला पंखा चिकटला होता," एवढंच मी म्हणालो. हे खरंच होतं. त्यातला महत्त्वाचा भाग वगळला होता, आणि ते मला विषयामुळे जमतं.

फोन आईने स्वतः केला. अकरा वर्षांनी भावाशी बोलताना तिने नमस्कारसुद्धा केला नाही. "पारिसा, एकोणतीस तारखेला रविवारी आम्ही येतोय. पाणी प्यायला नाही. तुला न्यायला. सहाला तयार ऱ्हा."

पलीकडून काहीतरी आलं.

"तीच गाडी. वेळेत पोचली तर माफी माग. नाही पोचली तर मी ह्यांना तुझी मागायला लावते." तिने फोन ठेवला आणि माझ्या बायकोला, सुनीतीला म्हणाली, "सूर्यास्त सात अकराचा आहे. पावणेसातला कुकर लाव."

मामाच्या दारात आई उतरली. उंबऱ्याला हात लावला, आत जाऊन ललिताला पाहून आली. तीन मिनिटं लागली. मामा पांढरा शर्ट घालून, घड्याळ बांधून तयार होता. मामाचे केस पांढरे झाले होते, ते आप्पांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"पुढं बसतोस का मागं?" आप्पांनी विचारलं.

"पुढं. काटा दिसायला पाहिजे."

सहा वाजून बारा मिनिटांनी गाडी हलली. मागे आई आणि मी. बोरगावच्या अलीकडे रस्ता सरळ होतो. आप्पांनी तिसरा गिअर टाकला, पाय दाबला. एक क्षण काहीच झालं नाही. मामाने घड्याळाकडे पाहिलं. मग कुठूनतरी, दूरच्या कुकरसारखी, बारीक शिट्टी सुरू झाली आणि माझं डोकं सीटला टेकलं. कुणीतरी मागून येऊन सगळी गाडी हातात घेतल्यासारखं वाटलं. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी ऐकलेला आवाज आज मी आतून ऐकत होतो.

"अरे देवा," मामा म्हणाला. त्याने वरची कडी धरली.

मी आरशात आप्पांचा चेहरा पाहिला. त्यावर विजय वगैरे नव्हता. ते घाबरले होते. त्यांनी हळूच पाय उचलला. शिट्टी गेली. काटा नव्वदवरून पन्नासवर आला, आणि एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही निमूटपणे चालू लागलो.

"काय झालं, दाजी?" मामाने विचारलं.

"काही नाही. इंजिन तापलं असेल."

तापमानाचा काटा मी बघितला. इंजिन तापलं नव्हतं. अकरा वर्षांत म्हाताऱ्या गाडीबरोबर आप्पाही म्हातारे झाले होते, आणि हे त्यांना आत्ता, मामाच्या शेजारी बसून कळलं होतं. सहा एकतीस झाले होते. ट्रॅक्टर पुढे, ऊन तिरपं, चौतीस किलोमीटर बाकी. मी बोलायला तोंड उघडलं.

"अहो," आई मागून म्हणाली.

"काय?"

"ओढा की."

"तू गप बस."

"रस्ता मोकळा आहे. बैलगाडी नाही, काही नाही. मी बघते डावीकडं. ओढा."

आप्पांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. बैलगाडी हा शब्द तिने का वापरला, ते त्यांना समजलं असावं. इतक्या वर्षांत त्यांनी तो शब्द घरात उच्चारला नव्हता.

"डावीकडं बघ," ते म्हणाले.

"बघते. जावा."

शिट्टी पुन्हा आली. ट्रॅक्टर मागे गेला. आई एका हाताने पुढची सीट धरून रस्ता वाचू लागली: "सायकल... शेळ्या आहेत, थांबा... आता जावा. वळण... जावा, जावा." मामा डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होता, अधूनमधून डोळे उघडून वेळ सांगत होता. इचलकरंजीत यंत्रमागाची पाळी सुटली होती, सायकलींच्या गर्दीत पाच मिनिटं गेली. आप्पांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. पण त्यांनी पाय उचलला नाही, जिथे आई म्हणाली तिथेच उचलला. माझे आईवडील एकत्र काही करताना मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो.

गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजली. चौगुले बाहेर आले. गाडी दारात थांबली आणि मामाने मनगट उंच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सात वाजून दोन."

"हात धुवा," सुनीती आतून ओरडली.

भात, आमटी, वांग्याची भाजी. बोलायला वेळ नव्हता. सात नऊला आप्पांनी शेवटचा घास घेतला, सात दहाला मामाने. पाणी पिऊन मामा उठला, हात धुतले, आणि आप्पांच्या समोर येऊन उभा राहिला.

"दाजी, मी चुकलो. तुम्ही व्रत मोडलं नव्हतं."

"बस," आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी जा. निवांत."

पाच जूनच्या लग्नाला आई चार दिवस आधी गेली. त्यानंतर आप्पांनी गाडी एकदाही साठच्या वर नेली नाही, आणि तार कुठे आहे ते आईने मला एकदाही विचारलं नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये मी ही हकीकत रंगवून सांगितली. भूगोलाचे बेलेकर डबा खात ऐकत होते.

"सात अकरा कुठून काढलं?" त्यांनी विचारलं.

"आई रोज सकाळी कॅलेंडरात बघते."

"त्यात मुंबईचा सूर्यास्त छापतात. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला. "आपण मुंबईच्या बरेच पूर्वेला. मे महिन्यात आपला सूर्य दहा-अकरा मिनिटं आधी जातो. एकोणतीस तारखेला सात वाजताच मावळला."

आमची गाडी दारात आली होती ती सात वाजून दोन मिनिटांनी.